मोहरीची ओळ

रत्नागिरीत मला राहायला जागा मिळाली ती माझ्या सालस चेहऱ्यामुळे नव्हे, भूगोलामुळे.

मी मूळची बार्शीकडची. मुलींच्या एका शाळेत नव्यानेच लागले होते आणि रोज संध्याकाळी घरं बघत वणवण हिंडत होते. घरमालकांचे प्रश्न ठरलेले असायचे. एकट्याच का? लग्नाचं काय? मासे खाता का? आमच्या शाळेतल्या मराठीच्या बाईंनी मांडवीकडे उतरणाऱ्या गल्लीतलं एक चिऱ्याचं घर सुचवलं आणि लगेच स्वतःच म्हणाल्या, "पण तू नकोच जाऊ. म्हातारा चक्रम आहे. वरच्या दोन खोल्या रिकाम्या ठेवून बसलाय. बँकेतल्या साहेबांना नाही म्हणाला, दवाखान्यातल्या सिस्टरना नाही म्हणाला. कोणी पसंतच पडत नाही त्याला."

एवढं ऐकल्यावर मी न जाऊन कसं चालेल? गेले. पडवीत एक उंच, हाडकुळे गृहस्थ बनियनवर बसले होते. डोक्यावरचे केस कापसासारखे पांढरे आणि मिशा मात्र काळ्या कुळकुळीत. मला हसू आवरेना, म्हणून मी चप्पल काढण्याच्या निमित्ताने खाली वाकले.

"विषय काय शिकवता?" त्यांनी विचारलं. नाव नाही, गाव नाही, थेट विषय.

"भूगोल."

ते ताठ झाले. "भूगोल म्हणजे डोंगर-नद्या, की नुसते नकाशे रंगवायचे?"

"डोंगर-नद्या."

"बर्फाच्या नद्या?"

"हिमनदीवर एक धडा आहे," मी म्हटलं.

"एकच?" त्यांचा चेहरा पडला. थोडा वेळ त्यांनी माझ्याकडे आणि मग समोरच्या नारळाकडे पाहिलं, जणू दोघांतलं कोण अधिक उपयोगाचं ते ठरवत होते. मग आत तोंड करून ओरडले, "अगो, बाईंना चावी दे वरची."

त्या दिवसापासून ते माझे अण्णा आणि त्यांची बायको माझ्या काकू. खरं तर आळीतले सगळेच त्यांना अण्णा म्हणत. पाठीमागे 'बर्फवाले' म्हणत. अण्णांनी सगळी नोकरी मिरकरवाड्याच्या बंदराजवळच्या एका बर्फाच्या कारखान्यात काढली होती. मासेमारीच्या होड्यांना लागणाऱ्या बर्फाच्या लाद्या तिथे तयार होत. साधा फिटर म्हणून लागले आणि सगळ्या यंत्रांचे प्रमुख होऊन निवृत्त झाले. हाताची दोन बोटं कायमची बधिर होती. गरम चहाची कपबशी ते त्या दोन बोटांत धरत आणि आपल्याला कसं भाजत नाही हे नव्या माणसाला कौतुकाने दाखवत.

गंमत म्हणजे या बर्फवाल्याच्या घरात फ्रीज नव्हता. भर मेमध्ये कोकमाचं सरबत माठातल्या पाण्यात मिळायचं. कोणी पाहुण्याने बर्फाचं नाव काढलं की अण्णा उठून मागच्या परड्यात निघून जात. मी राहायला आल्यावर एक लहानसा फ्रीज घ्यायचं मनात आणलं, तेव्हा काकू हळूच जिन्यावर येऊन म्हणाल्या, "घे हो बाय, पण वरच ठेव. खाली आणू नको. बर्फात काय ठेवलेलं यांना बघवत नाय."

मला तेव्हा कळलं नाही. फ्रीज मात्र मी घेतला नाही.

अण्णांचा दुसरा नाद वेळेचा. कारखान्याच्या भोंग्यावर आयुष्य गेलेलं, त्यामुळे उशिरा येणारा माणूस त्यांना डोळ्यांसमोर नको असायचा. दूधवाल्याला उशीर झाला तर ते फाटकात उभे राहून त्याची वाट बघत आणि तो आला की दूध न घेताच आत येत. मग काकूंनी मागच्या दाराने दूध घ्यायचं, हा नेम. मी एकदा चार वाजता येते सांगून पाचला आले, तर म्हणाले, "बाई, तुमची शाळा सुटली की तुमची शुद्ध सुटली?" त्यांच्या तोंडी सारखी एक शिवी असायची: गोगलगाय. रिक्षावाला गोगलगाय, पोस्टमन गोगलगाय, नगरपालिका तर गोगलगायींचं माहेरघर.

आणि असा हा माणूस दर रविवारी बर्फ किती हळू चालतो ते बघत बसायचा.

रविवारी सकाळी कारखान्यातून एक टेम्पो यायचा आणि लाद्या परड्यात उतरवून जायचा. घरामागे जांभ्याचा उघडा कातळ होता, समुद्राकडे उतरत गेलेला. अण्णा एक लादी कातळावर नुसती ठेवत, एक गोणपाटावर ठेवत, एक जिथे शेवाळ माजलं होतं तिथे. कधी लादीवर लादी चढवत. मग स्टुलावर बसून, खडूने रेघा मारून, कुठली किती सरकली ते बघत. आळीतली पोरं भोवती जमत, तुकडे चोखत. बायका कुंपणापलीकडून तोंडाला पदर लावत. "काय अण्णा, आज कुठली पहिली आली?" कोणीतरी टवाळ विचारायचं, घोड्यांची शर्यत असल्यासारखं.

अण्णा शांतपणे उत्तर द्यायचे. "उतार जास्त तर जास्त पळते. जाड असली तर वजनाने पळते. खाली खरबरीत असलं तर अडते. पण खरी गोष्ट काय, पाणी. टाकीतून नुकती काढलेली लादी फरशीला चिकटते, दोघांनी ओढली तरी हलत नाय. खाली पाणी सुटलं की बोटाने ढकलली तरी जाते. बर्फाला पाय नसतात हो. पाणी हेच त्याचे पाय."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की पुढे वर्गात आपोआप माझ्या तोंडून जायला लागलं. रविवारी दुपारपर्यंत सगळ्या लाद्या विरघळून जात, कातळ ओला राहायचा, आणि अण्णा त्या ओल्या कातळाकडे बघत बराच वेळ बसून असत. काकू हाक मारायच्या, "अहो, पानं वाढलीत." ते उठत नसत.

शेवटी काकूंनीच मला सांगितलं. एका संध्याकाळी त्या विळीवर नारळ खवत होत्या आणि मी समोर उगाच बसले होते. भिंतीवर एका मुलाचा फोटो होता, बावीसेक वर्षांचा, हसरा, पाठीवर सॅक. मी पहिल्या दिवसापासून तो पाहत होते. त्याला हार नव्हता, म्हणून मी समजले होते की मुलगा कुठे परदेशी असेल.

"आमचा," काकू म्हणाल्या. त्या घरात त्याचं नाव घेत नसत. नुसतं 'आमचा'. "हिमालयात गेलेला डोंगर चढायला. बर्फाची नदी असते ना, तिच्यात भेग होती. वरून बर्फाने झाकलेली. पाय पडलान तिच्यावर. गेला आत."

खवणं थांबलं नव्हतं. नारळ संपून करवंटी खरवडली जात होती.

"शोधलं बरोबरच्या पोरांनी खूप. वादळ आलं, परत फिरले. मग त्यांचा म्होरक्या आला इथे आम्हाला भेटायला. बरा माणूस. रडत होता. यांच्या पायाला हात लावून म्हणालान, काका, बर्फाची नदी पोटात काय ठेवत नाही, एक ना एक दिवस खाली आणून सोडते. समजूत घालायला म्हणालान हो. कोण दुसरं काय बोलणार? पण यांनी ते धरून ठेवलंय."

मग मला लाद्या कळल्या, फ्रीज कळला. मिशांचं मात्र विचारावंच लागलं.

"तो गेला तेव्हा यांच्या मिशा काळ्या होत्या," काकू म्हणाल्या. "म्हणतात, ओळखू यायला नको मी? मी म्हटलं, अहो, तो काय डोळे उघडणार आहे? तर म्हणाले, मला माहित्ये ते. तरी."

मी वर खोलीत गेले आणि दार लावून रडले. मला लहानपणापासून कोणी रडवं म्हणालेलं नाही, तरी रडले.

मुलगा निघाला त्या दिवशीची स्टेशनवरची गोष्ट मात्र अण्णांनी स्वतः सांगितली, तीही पुष्कळ दिवसांनी. मुलगा स्वभावाने संथ. आंघोळीला तास, जेवायला तास, चालताना दहा ठिकाणी थांबणार. कुत्र्याला खाजवील, कोणाची चौकशी करील. अण्णांचा जळफळाट व्हायचा. गोगलगाय हे त्याचंच नाव होतं खरं तर, बाकी सगळ्यांना ते पुढे चिकटलं. मोहिमेला निघायच्या दिवशीही त्याने असाच उशीर केला. गाडी फलाटाला लागलेली आणि हा मागे कोणाशी तरी बोलत येतोय. अण्णा त्याच्यावर चारचौघांत ओरडले. "म्हटलं, पायात काय बर्फ भरलाय काय तुझ्या? चल लवकर!" अण्णा माझ्याकडे न बघता सांगत होते. "तो हसलान. चढला गाडीत. तेच शेवटचं. हात केला का नाय तेपण मला आठवत नाय, मी घड्याळ बघत होतो."

पितृपक्ष आला की त्या घरात ठिणगी पडायची. सर्वपित्रीला सगळ्या गेलेल्यांची पानं मांडत. मुलाचं पान मांडायला अण्णा देत नसत. काकू मागच्या दाराशी केळीच्या पानाच्या तुकड्यावर भाताची मूद ठेवून कावळ्याला बोलवत. कावळा यायचा, खायचा, पण काकूंचं समाधान व्हायचं नाही. माणूस बेपत्ता असला की बारा वर्षं वाट बघायची आणि मग पळसाच्या देठांचा पुतळा करून त्याचं दहन करायचं, ही रीत. मी आले त्याच्या दुसऱ्या वर्षी ती बारा वर्षं भरली.

काकूंना दम्याने घेरलं होतं. "माझ्या डोळ्यांदेखत होऊ दे," त्या म्हणत. "तो जित्यांत नाही, मेलेल्यांत नाही. घोटभर पाणी नाही मिळालं पोराला. मी गेल्यावर कोण करणार? तुम्ही? तुम्ही बर्फ बघत बसाल."

"नाय म्हणजे नाय," अण्णा म्हणत. "तो वाटेत हाय. वाटेत असलेल्या माणसाला जाळतात काय?"

"आणि कधी पोचणार?"

यावर अण्णा उठून परड्यात जायचे. हिशोब त्यांच्याजवळ होता आणि तो फार वाईट होता. कारण त्यांच्या मते मुलगा फक्त उन्हाळ्यात चालत होता. पाणी हेच पाय. मग हिवाळ्यात तिथे पाणी कुठलं? सगळं गोठलेलं, लादी फरशीला चिकटलेली. थंडीचे सगळे महिने पोर अंधारात एका जागी अडकून पडलेलं, असं अण्णा समजत. म्हणूनच डिसेंबर उजाडला की ते कोणाशी बोलेनासे होत. रत्नागिरीत थंडी ती काय, चादरीपुरती. पण त्या दिवसांत अण्णा चादरही घेत नसत.

मी भूगोलवाली, त्यामुळे न राहवून एकदा म्हणाले, "अण्णा, बर्फ नुसता घसरत नाही. वाहतो. जाडजूड थर असला की आपल्याच वजनाने आतल्या आत वाहतो. खाली पाणी नसलं तरी."

अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू देवळात चप्पल घालून शिरले. "बाई, अख्खी नोकरी बर्फात गेली माझी. लादी कधी वाहिलेली बघितली नाय. विरघळते. फुटते. सरकते. वाहत नाय."

"लादी लहान असते. तिथे डोंगराएवढा थर असतो."

"डोंगराएवढी लादी. लादीच ना?"

"पुस्तकात आहे."

"पुस्तकवाल्यांनी बर्फ सरबतात बघितलानी," असं म्हणून ते उठून गेले आणि आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. जिन्यात समोरासमोर आलो की भिंतीला म्हणायचे, "काही लोकांना वाटतं पाणी भरून घ्यावं, नळ जाईल." मीही भिंतीलाच सांगायची, "काही लोकांनी भरून ठेवलंय." काकू हसून हसून खोकायच्या.

मे महिन्यात काकूंनी रायवळ आंब्यांचा रस आटवला. भरपूर, घट्ट, पळीवरून पडता पडत नाही असा. बरण्यांत भरायच्या आधी तो निवायला पत्र्याच्या एका लांबट ट्रेमध्ये ओतून पडवीच्या कडेला ठेवला होता. पडवीला तिथे जरासा उतार. दुपारी मी खाली आले तर अण्णा ट्रेपाशी उकिडवे बसून एकटक बघत होते. रस खालच्या टोकाला गोळा झाला होता. वरच्या टोकाला पत्रा उघडा पडला होता.

"हा सरकला कसा?" ते स्वतःशीच म्हणाले. "खाली तर चिकटलाय. बघा, पत्र्याला घट्ट चिकटलाय."

मी काही बोलले नाही. कधी नव्हे ती अक्कल सुचली.

अण्णा आत गेले आणि मिसळणाचा डबा घेऊन आले. रस पुन्हा सारखा केला. वरच्या टोकाला चिऱ्याचा एक कपचा लावून उतार वाढवला. मग बधिर नसलेल्या बोटांनी मोहरीचे दाणे, एकाशेजारी एक, या काठापासून त्या काठापर्यंत सरळ ओळीत रसावर ठेवले.

"अहो! माझ्या रसात मोहरी कशाला?" काकू स्वयंपाकघरातून धावल्या. "लोणचं घालताय काय?"

"गप गो. हात लावू नको."

त्या दिवशी अण्णा पानावरही आले नाहीत. काकूंनी भाताचं ताट तिथेच आणून दिलं. ऊन पडवीत आलं तसा रस मऊ पडून जरा जोरात निघाला; ऊन सरलं तसा मंदावला. तेही अण्णांनी पाहिलं. आणि संध्याकाळी दिवेलागणीला मोहरीची ती सरळ ओळ सरळ राहिली नव्हती. काठावरचे दाणे जिथल्या तिथे होते, पत्र्याला धरून. मधले दाणे पुढे गेले होते. ओळीला बाक आला होता.

अण्णांनी त्या बाकावरून हवेतच बोट फिरवलं. मग मला म्हणाले, "म्हणजे कडेचा अडतो, मधला चालतो."

"हो."

"तळाचा अडतो, वरचा चालतो."

"हो, अण्णा."

"पाणी नसलं तरी."

"हो."

"थंडीत पण?"

"थंडीत हळू. पण थांबत नाही."

अण्णांनी तोंडावर हात ठेवला. मला वाटलं त्यांना चक्कर येतेय. पण ते रडत होते. त्या माणसाला मी त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं. "अगो ऐकलंस काय," ते काकूंना म्हणाले, "थंडीत पण चालतोय तो. मी म्हणायचो अडकून बसलाय पोर काळोखात. बसला नव्हता. चालत होता गो. इतकी वर्षं, रोज चालत होता."

काकू पदर तोंडाला लावून तिथेच पायरीवर बसल्या. मोहरीवरून त्या पुन्हा काही बोलल्या नाहीत. तो रस आम्ही मोहरीसकट खाल्ला. दाताखाली दाणा आला की कोणीच कोणाकडे बघत नसे.

दुसऱ्या दिवशी मला धास्ती वाटली. आता हिवाळा हिशोबात आला म्हटल्यावर अण्णांची आशा वाढणार. मी माझ्या कॉलेजातल्या जुन्या सरांना फोन केला. ते पूर्वी हिमालयात हिमनद्यांच्या कामावर जाऊन आले होते. मुलगा कुठे पडला ते सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "इतक्या वर पडला असेल तर त्याच्या आईवडिलांच्या हयातीत नाही. तुझ्याही नसेल कदाचित. हिमनदीचं तोंड, म्हणजे खालचं टोक, हल्ली वितळून मागे सरकतंय, त्याने वाट थोडी कमी होईल. पण थोडीच."

हे मी अण्णांना सांगायला गेले तेव्हा ते परड्यात कातळावर बसले होते. रविवार होता, पण लाद्या मागवल्या नव्हत्या. मी सांगितलं. ते मान हलवत राहिले.

"माहित्ये," ते म्हणाले. "रात्री मांडला मी हिशोब. हिवाळे धरून मांडला. तरी आमच्या हाती लागत नाय तो." मग म्हणाले, "तोंड मागे सरतंय म्हणालात? म्हणजे तो खाली येतोय आणि दार त्याच्याकडे वर चाललंय. बरां झालं. दमला असेल."

समुद्राकडून वारा येत होता. मी त्यांच्या शेजारी बसले.

"करूया," ते म्हणाले. "ती म्हणते ते करूया. मी थांबलो होतो ते तो अडकलाय म्हणून. आपण पण सोडलं तर त्याला कोण, असं वाटायचं. आता तो चालतोय आपला आपण. आपल्या थांबण्यावर त्याचं काय अडलेलं नाय."

मार्गशीर्षात भाट्याच्या खाडीकाठी तो विधी झाला. एरवी बायका अशा ठिकाणी जात नाहीत; तरी काकू निघाल्या, आणि त्यांना धरायला कोणीतरी हवं म्हणून मीही. भटजींनी पळसाचे देठ आणि दर्भ बांधून पुतळा केला, डोक्याच्या जागी नारळ ठेवला. बघवत नव्हतं. तो इतका लहान दिसत होता. भटजींनी नाव विचारलं. अण्णांनी घसा साफ केला आणि मुलाचं नाव उच्चारलं, मोठ्याने, स्पष्ट, शाळेत हजेरी द्यावी तसं. मी ते पहिल्यांदाच ऐकलं.

आणि अग्नी द्यायची वेळ आली तेव्हा काकूच मोडल्या. वर्षानुवर्षं ज्यासाठी त्या भांडल्या होत्या त्याच्याच आड आल्या. "नको हो, नको पेटवू," त्या अण्णांचा हात ओढायला लागल्या. "चालतोय म्हणालात ना तुम्ही? मग नको. येऊ दे त्याला."

अण्णांनी दुसऱ्या हाताने त्यांना जवळ घेतलं. चारचौघांत बायकोला जवळ घेणारे ते गृहस्थ नव्हते. "अगो, किती वर्षं गारठलाय तो," ते म्हणाले. "शेकू दे जरा."

काकूंनी हात सोडला. पळसाचे देठ वाळलेले होते, पटकन पेटले. अण्णा शेवटपर्यंत जाळाकडे बघत उभे होते आणि दोनदा भटजींना म्हणाले, "जाळ नीट लागू द्या. घाई नाय आम्हाला."

त्यानंतर त्यांनी मिशा रंगवणं सोडलं. महिन्याभरात त्या पांढऱ्या झाल्या आणि ते एकदम म्हातारे दिसायला लागले. दूधवाला उशिरा आला तरी दूध घेऊ लागले. सर्वपित्रीला मुलाचं पान मांडलं गेलं आणि काकूंनी त्यावर आटवलेला रस वाढला. पुढच्या पावसाळ्यात काकू गेल्या, झोपेत. अण्णा म्हणाले, "हिने कधी उशीर केला नाय."

त्यानंतरची दोन वर्षं खालच्या घरात ते एकटे होते. मी डबा द्यायला जायची. शेवटी अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांचा मुंबईचा पुतण्या येऊन राहिला होता, भला माणूस. एका सकाळी अण्णांनी त्याला चहा करायला पाठवून मला जवळ बोलावलं.

"थंडी पडली काय?"

"पडली, अण्णा."

"वर पण?"

"वर तर खूप."

"चालतोय ना?"

"चालतोय, अण्णा."

ते थोडे हसले. "तुम्हाला खोली का दिली माहित्ये? आमच्या मागं कोणीतरी हवं होतं. बँकवाला बदलीवर जाणार. सिस्टर लग्न करून जाणार. म्हटलं, भूगोलवाल्याला ठाऊक असतं, डोंगराला किती वेळ लागतो ते. तो वाट बघेल." त्यांना दम लागला. मी पाणी पाजलं. "पण हिशोब चुकलाच माझा. तुम्हीपण पुऱ्या पडत नाय बाई. तुम्हीपण म्हाताऱ्या होणार."

"मग काय करू?"

"पोरांना सांगा तुमच्या. वर्गातल्या. ती त्यांच्या पोरांना सांगतील. कोणीतरी असेल तेव्हा." माझा हात त्यांनी त्या दोन बधिर बोटांत धरला होता, त्यांना तो जाणवत होता की नाही कोण जाणे. "आणि त्याला एक सांगायचंय मला."

जे सांगायचं होतं ते त्यांनी सांगितलं. चार दिवसांनी ते गेले.

मी अजून त्याच वरच्या खोल्यांत राहते. पुतण्याने घर विकलेलं नाही, दारावरची पाटीही काढलेली नाही. मला आता रत्नागिरीची बोली येते, चष्मा लागलाय, आणि भिंतीवरचा तो फोटो मी माझ्याकडे वर आणलाय. मी इथे आले तेव्हा तो माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा वाटायचा. आता माझा विद्यार्थी वाटतो.

हिमनदीचा धडा आला की मी वर्गात पत्र्याचा ट्रे, आटवलेला रस आणि मोहरीचा डबा नेते. उतार, जाडी, ऊन, तळ, पाणी, सगळं मुली स्वतःच करून बघतात. तास संपेस्तोवर ओळ वाकलेली असते. मग मी फळ्यावर एक नाव लिहिते आणि त्याखाली आपल्या गावाचं. ते नाव मी इथे देत नाही, ते त्या मुलींसाठी आहे. सांगते, हे परीक्षेत येणार नाही, पण लक्षात ठेवा. हा मुलगा आपल्या गावचा आहे आणि चालत येतोय. हळू येतोय. कधीतरी बातमी येईल की तिकडे बर्फात कोणी सापडलं. तेव्हा हा रत्नागिरीचा, आमचा, असं सांगणारं कोणीतरी हवं.

यंदा मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "बाई, तेव्हा आम्ही केवढ्या असू?"

"आजी झालेल्या असाल."

"आणि तो?"

"तो बावीस वर्षांचाच असेल."

 कोणीतरी ट्रेमधला एक मोहरीचा दाणा उगाच बोटाने सरळ करायला बघत होतं.

"मग त्याला काय म्हणायचं आम्ही?" तिने विचारलं.

अण्णांनी मला सांगितलं होतं तेच मी तिला सांगितलं. म्हटलं, त्याच्या कपाळावरून हात फिरवा आणि सांगा, उशीर झाला म्हणून अण्णा रागावलेले नाहीत.